नेस्तोरियस, 'देवमाता' आणि पूर्वेची मंडळी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेस्तोरियन पंथ म्हणजे नेमका कोणता?

पाचव्या शतकात नेस्तोरियस नावाचा एक बिशप पूर्व रोमन साम्राज्याच्या राजधानीत, कॉन्स्टँटिनोपलच्या गादीवर होता. ख्रिस्तातला देव वेगळा आणि माणूस वेगळा अशी फारकत तो करतो, असा त्याच्यावर आरोप झाला आणि ४३१ मध्ये इफिसच्या धर्मपरिषदेने त्याला पदावरून काढले. त्या मताला नेस्तोरियन मत म्हणतात. पुढे इराणी साम्राज्यातल्या ख्रिस्ती मंडळीलाही, म्हणजे 'पूर्वेच्या मंडळी'लाही, विरोधकांनी तेच नाव चिकटवले आणि ते सुटता सुटले नाही. नेस्तोरियस हा माणूस, त्याच्या नावावर खपवलेले मत आणि ही मंडळी या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक गोंधळ त्या एकच समजल्यामुळे होतो.

वाद सुरू कशावरून झाला?

येशूची आई मरीया हिला काय म्हणायचे यावरून. ग्रीक बोलणारे ख्रिस्ती तिला 'थिओटोकोस' म्हणत, म्हणजे देवाला जन्म देणारी. नेस्तोरियस १० एप्रिल ४२८ रोजी राजधानीचा बिशप झाला. अंत्युखियाहून (आजच्या तुर्कस्तानातले अंताक्या) येताना त्याने अनास्तासियस नावाचा एक धर्मगुरू सोबत आणला होता. या अनास्तासियसने प्रवचनात सांगून टाकले, की मरीयेला कोणी थिओटोकोस म्हणू नये; मरीया माणूस होती आणि माणसाच्या पोटी देव जन्माला येणे शक्य नाही. लोक खवळले. त्याला आवरायचे सोडून नेस्तोरियसने त्याचीच बाजू उचलून धरली. मधला तोडगा म्हणून त्याने 'ख्रिस्तोटोकोस', म्हणजे ख्रिस्ताला जन्म देणारी, असा शब्द पुढे केला. तो कोणालाच पटला नाही.

हा शब्द नुसता पंडितांचा असता तर एवढे पेटले नसते. तो लोकांच्या प्रार्थनेत होता, रोज तोंडी होता. आजही गोव्यात कोकणीत तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणताना 'देवाचे माये' म्हणतात, त्यामागे हाच शब्द आहे.

पण एका शब्दावरून एवढे रण?

शब्दाखालचा पेच खरा होता. ३२५ च्या नायसिया परिषदेने पुत्र, म्हणजे ख्रिस्त, हा पित्याच्याच, म्हणजे देवाच्याच तत्त्वाचा, पूर्ण देव, असे ठरवले होते. ते दोन्ही बाजूंना मान्य होते. प्रश्न त्याच्या पुढचा: जो अनादि आणि अविकारी, तो गोठ्यात रडला कसा? तो थकला, त्याला तहान लागली, तो क्रूसावर मेला, हे कोणाबद्दल बोलायचे?

अंत्युखियाकडच्या पंडितांना देवाचे देवपण जपायचे होते. देव दूध पीत नाही, देव मरत नाही. म्हणून शुभवर्तमानातली वाक्ये ते नीट वाटून देत. मेलेला मित्र लाजार याच्या थडग्याशी येशूने अश्रू ढाळले ते मानवी स्वभावाने, त्याला थडग्यातून बोलावले ते दैवी स्वभावाने. येशूचे माणूसपण खरेखुरे, अर्धेमुर्धे नव्हे, हा त्यांचा आग्रह होता आणि तो चुकीचा नव्हता.

इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाकडचे पंडित विचारत, की मग आमच्यासाठी मेला कोण? मेला तो नुसता माणूस असेल, तर त्या मरणाने आमचे तारण कसे झाले? असे वाटप करत गेलात तर शेवटी हातात दोन जण उरतात, एक देवाचा पुत्र आणि दुसरा मरीयेचा. त्यांच्या लेखी कर्ता एकच: देवाचा शब्द, म्हणजेच पुत्र, स्वतः देह धारण करतो आणि त्या देहातले सगळे भोग स्वतःचे म्हणून भोगतो. त्यांचा बिशप सिरिल यासाठी बायबलमधल्या यशयाच्या ग्रंथातल्या निखाऱ्याचा दाखला देत असे. लाकूड लाकूडच राहते, आग आगच, पण पेटलेला निखारा एकच असतो.

माझे मत विचाराल तर सिरिलचा मुद्दा अधिक खोल होता. पण मुद्दा खरा असला म्हणून त्याने त्यासाठी जे केले ते सगळे क्षम्य ठरत नाही. त्याबद्दल पुढे.

आपल्याकडच्या अवतारासारखेच ना हे?

कौसल्येच्या पोटी राम आणि देवकीच्या पोटी कृष्ण ऐकत वाढलेल्या वाचकाला हा पेच मुळात पेचच वाटत नाही. पण ग्रीक तत्त्वज्ञान शिकलेल्या बिशपांसाठी 'देव बदलत नाही, देवाला दुःख होत नाही' हे गृहीतच होते. शिवाय ख्रिस्ती श्रद्धेत हा जन्म एकदाच होतो आणि घेतलेले माणूसपण पुन्हा टाकून दिले जात नाही. म्हणून देव आणि माणूस यांचा जोड नेमका कसा, हा प्रश्न त्यांना टाळता येईना.

नेस्तोरियस माणूस कसा होता?

जन्म जर्मानिकियाचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या काहरामानमाराश भागातला. अंत्युखियाजवळच्या मठात राहिलेला, आवाज कमावलेला, प्रवचनकार म्हणून नाव झालेला. बिशप होताच भर सभेत तो सम्राट दुसऱ्या थिओडोसियसला म्हणाला, की मला पाखंड्यांपासून साफ केलेली पृथ्वी दे, मी तुला स्वर्ग देतो; पाखंड्यांचा नाश करायला मला मदत कर, मी तुला इराण्यांवर विजय मिळवून देतो. पाचच दिवसांत तो एरियन पंथीयांचे, म्हणजे पुत्राला पूर्ण देव न मानणाऱ्यांचे, प्रार्थनागृह पाडायला निघाला. त्या बिचाऱ्यांनी हताश होऊन स्वतःच त्याला आग लावली, ती शेजारच्या घरांना लागली आणि नेस्तोरियसला 'आगलाव्या' हे नाव पडले.

दोन-तीन वर्षांत हाच माणूस पाखंडी म्हणून उभा केला गेला. त्या काळचा इतिहासकार सोक्रातेस त्याचा मित्र नव्हता, पण त्याने त्याचे लिखाण वाचून निवाडा दिला, तो असा: हा ख्रिस्ताला नुसता माणूस मानत नाही, याला फक्त त्या एका शब्दाची बागुलबुवासारखी भीती बसली आहे, आणि जुन्या आचार्यांनी तो शब्द वापरला आहे हे पाहण्याइतके याने वाचलेले नाही.

सिरिल कोण?

४१२ ते ४४४ अलेक्झांड्रियाचा बिशप. त्याचा मामा थिओफिलस त्याच्याआधी त्याच गादीवर होता आणि त्याने ४०३ मध्ये राजधानीचा बिशप योहान ख्रिसोस्तोम याला पदावरून उतरवण्यात पुढाकार घेतला होता. अलेक्झांड्रिया आणि कॉन्स्टँटिनोपल यांचे वैर असे घरचेच होते. ४१५ मध्ये शहरातल्या जमावाने तत्त्वज्ञ हिपेशियाची हत्या केली तीही सिरिलच्याच काळात. त्याचा त्यात थेट हात होता की नाही यावर अभ्यासकांचे एकमत नाही. विद्वत्ता मात्र निर्विवाद. ख्रिस्ताविषयीची त्याची मांडणी आजही पूर्व आणि पश्चिम दोन्हीकडे प्रमाण मानतात.

इफिसला नेमके काय घडले?

ऑगस्ट ४३० मध्ये रोमचा पोप सेलेस्टीन याने नेस्तोरियसला दहा दिवसांत मत मागे घे, नाहीतर बहिष्कृत होशील असे बजावले. हा निरोप पोहोचवायचे काम सिरिलकडे आले. त्याने त्याला आपली बारा निषेधवाक्ये जोडली, आणि ती इतक्या टोकाच्या भाषेत, की अंत्युखियाकडचे जे बिशप तोवर गप्प होते तेही बिथरले.

सम्राटाने ७ जून ४३१ रोजी, पेंटेकॉस्टच्या सणाला, आजच्या तुर्कस्तानातल्या इफिस येथे परिषद बोलावली. सिरिल इजिप्तमधून चांगला पन्नासेक बिशपांचा ताफा घेऊन वेळेवर हजर झाला. अंत्युखियाचा योहान आणि त्याचे सहकारी मात्र खुष्कीच्या लांब वाटेवर अडकले. योहानाने कळवले, आणखी पाच-सहा दिवसांत पोहोचतो. ६८ बिशपांनी लेखी विनंती केली, की थांबा. सम्राटाचा प्रतिनिधी कँडिडियन यानेही विरोध केला. सिरिल थांबला नाही. २२ जूनला मरीयेच्या नावाच्या चर्चमध्ये त्याने परिषद सुरू केली. फिर्यादी तोच, अध्यक्षही तोच.

नेस्तोरियसला तीनदा बोलावणे गेले. त्याच्या दारावर शिपायांचा पहारा होता. तो आला नाही. तो आधी जे बोलून बसला होता ते सभेत वाचले गेले: 'दोन-तीन महिन्यांच्या बाळाला मी देव म्हणणार नाही.' खरे तर हे वाक्यच त्याच्या मुळावर आले. सकाळी सुरू झालेली सभा रात्री उठली तेव्हा सुमारे दोनशे बिशपांनी सही केलेला निकाल तयार होता. त्याची प्रत नेस्तोरियसला पाठवली, त्यावर पत्ता 'नव्या यहूदास' असा, म्हणजे येशूला धरून देणाऱ्या शिष्याचे नाव. बाहेर लोक दिवसभर ताटकळत होते. त्यांनी मशाली पेटवून बिशपांना मुक्कामापर्यंत पोहोचवले. पुढे बायका धूपदाण्या हलवत चालल्या होत्या, असे सिरिलनेच आपल्या लोकांना लिहिलेल्या पत्रात आहे.

चार दिवसांनी योहान पोहोचला. अंगावरची धूळही न झटकता त्याने चाळीसेक बिशप जमवले, वेगळी परिषद भरवली आणि सिरिल व इफिसचा बिशप मेम्नोन या दोघांनाच पदच्युत करून टाकले. जुलैत पोपचे प्रतिनिधी आले आणि सिरिलच्या बाजूने उभे राहिले. गोंधळलेल्या सम्राटाने दोन्ही निकाल कायम केले. म्हणजे नेस्तोरियस, सिरिल आणि मेम्नोन तिघेही पदच्युत, तिघेही नजरकैदेत!

तिकडे राजधानीत सिरिलच्या बाजूची बातमी पोहोचू नये म्हणून वाटा रोखलेल्या. त्याचे पत्र एका भिकाऱ्याच्या पोकळ काठीतून आत गेले. ते दालमेशियस नावाच्या वृद्ध मठवाशाच्या हाती पडले. चाळीसहून अधिक वर्षे त्याने कोठडीबाहेर पाऊल टाकले नव्हते. तो बाहेर पडला आणि मठवाशांची मिरवणूक घेऊन स्तोत्रे गात राजवाड्यावर चालून गेला. तिथून वारे फिरले. नेस्तोरियसने आपल्या मठात परत जाऊ द्या अशी विनंती केली, ती लगेच मान्य झाली. सिरिल निसटून अलेक्झांड्रियाला पोहोचला आणि विजयी वीरासारखा मिरवला.

सिरिलने दरबारात लाच दिली हे खरे आहे का?

हो, आणि पुरावा त्याच्याच गोटातला आहे. त्याचा सहायक एपिफानियस याचे एक पत्र टिकून राहिले आहे आणि त्यासोबत भेटींची यादीही. दरबारातल्या कोणाला किती गालिचे, किती हस्तिदंती खुर्च्या, किती सोने, सगळे नोंदवलेले. अलेक्झांड्रियाचे चर्च यापायी नागवले गेले आणि वर १,५०० पौंड सोन्याचे कर्ज डोक्यावर बसले, अशी कुरकुरही त्यात आहे. दरबारात भेटी देणे तेव्हा रीतीचे होते, असे सिरिलचे कैवारी म्हणतात. रीत होती खरी. पण इतक्यांचे हात इतके ओले करण्याला नुसती रीत म्हणणे मला जड जाते.

मग नेस्तोरियस खरोखर 'दोन ख्रिस्त' शिकवत होता का?

त्याचे उत्तर द्यायला तो स्वतःच चौदाशे वर्षांनी पुन्हा उभा राहिला असे म्हणावे लागेल. ४३५ मध्ये सम्राटाने त्याची पुस्तके जाळण्याचा हुकूम काढला होता. हद्दपारीत त्याने 'हेराक्लिदेसचा बाजार' या नावाने आपली कैफियत लिहिली. नाव मुद्दाम दुसऱ्याचे, म्हणजे पुस्तक जाळले जाऊ नये. त्याचे सिरियाक भाषेतले (पूर्वेच्या मंडळीची जुनी भाषा) भाषांतर कुर्दिस्तानातल्या डोंगरांत, कोचानेस या गावी, त्या मंडळीच्या पॅट्रिआर्ककडे, म्हणजे धर्मप्रमुखाकडे, पडून होते. १८८९ मध्ये मिशनऱ्यांच्या ते लक्षात आले आणि १९१० मध्ये ते छापून प्रसिद्ध झाले.

त्यात तो वारंवार सांगतो, की मी दोन पुत्र मानत नाही. ख्रिस्त एकच, स्वभाव दोन. आज अनेक अभ्यासक म्हणतात, की नेस्तोरियस 'नेस्तोरियन' नव्हता. काही जण तेवढे पुढे जात नाहीत. दोन स्वभावांना जोडणारी गोष्ट तो इतकी पातळ ठेवतो, की सिरिलची शंका अगदीच निराधार नव्हती, असे त्यांचे म्हणणे. मलाही तसेच वाटते. पण ज्या ढोबळ मताबद्दल त्याला शिक्षा झाली, ते मत त्याचे नव्हते.

एरियस आणि नेस्तोरियस यांचे म्हणणे एकच का?

नाही. एरियस शंभर वर्षे आधीचा. त्याच्या मते पुत्र हा देवाने निर्माण केलेला. नेस्तोरियस पुत्राला पूर्ण देव मानत होता आणि एरियनांच्या तर तो हात धुऊन मागे लागला होता.

४५१ च्या खाल्किदोन परिषदेने वाद मिटवला का?

मिटवायला गेली आणि नवी फूट पाडून बसली. मधल्या काळात युटिकेस नावाच्या मठाधिपतीने उलट टोक गाठले, की देहधारणेनंतर स्वभाव एकच. खाल्किदोनने ठरवले: एकच ख्रिस्त, दोन स्वभावांत, मिसळ नाही, बदल नाही, विभागणी नाही, ताटातूट नाही. कॅथलिक, ग्रीक ऑर्थोडॉक्स आणि पुढे बहुतेक प्रॉटेस्टंट यांनी हेच मानले. पण इजिप्तचे कॉप्ट, सिरियन ऑर्थोडॉक्स आणि आर्मेनियन यांना 'दोन स्वभावांत' हे शब्द म्हणजे नेस्तोरियसला मागच्या दाराने आत घेणे वाटले. ते वेगळे झाले ते आजतागायत.

नेस्तोरियसचे पुढे काय झाले?

मठातली चार वर्षे बरी गेली. मग त्याला इजिप्तच्या वाळवंटातल्या खार्गा मरूद्यानात हद्दपार केले. तिथे भटक्या टोळ्यांनी धाड घालून त्याला पकडून नेले आणि मग सोडून दिले. आपण पळालो असे कोणी म्हणू नये म्हणून तो स्वतःच अधिकाऱ्यांपुढे हजर झाला. त्यांनी आजारी म्हाताऱ्याला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी फरफटत फिरवले. ४५० च्या सुमारास, खाल्किदोनची परिषद भरत होती त्याच्या आगेमागे, तो वारला. पोप लिओने लिहिलेले दोन स्वभावांचे विवेचन त्याने वाचले होते. आपण म्हणत होतो तेच हे, असे त्याला वाटले. परिषदेने लिओचे विवेचन स्वीकारले आणि नेस्तोरियसचा निषेध पुन्हा एकदा केला.

पूर्वेची मंडळी त्यानेच स्थापली ना?

बादरायण संबंध म्हणतात तो हा. इराणच्या सासानी साम्राज्यातली मंडळी त्याच्या आधीपासून होती. ४१० मध्ये सेल्युशिया-टेसिफोन इथे तिची सभा भरून कारभाराची घडी बसली होती आणि ४२४ मध्ये तिने पश्चिमेच्या बिशपांचा अधिकार नाकारलाही होता. तेव्हा नेस्तोरियस बिशपही झाला नव्हता. रोमन सम्राट ख्रिस्ती असल्यामुळे इराणी शहांना आपली ख्रिस्ती प्रजा फितूर वाटे, म्हणून तिकडच्या चर्चशी अंतर ठेवणे या मंडळीच्या जिवाशी निगडित होते. ४८९ मध्ये रोमन सम्राट झेनोने एदेसाची धर्मविद्येची शाळा बंद केली, तेव्हा तिथले पंडित इराणच्या हद्दीत निसिबिसला आले आणि अंत्युखियाची विचारसरणी तिथे रुजली.

तिचा खरा गुरू म्हणजे नेस्तोरियसच्या आधीचा मोप्सुएस्तियाचा थिओडोर. तिची मांडणी पक्की केली सातव्या शतकातल्या थोर बाबाईने. नेस्तोरियसचा ती आदराने उल्लेख करते, त्याच्या नावाची एक उपासनाविधीही तिच्यात आहे. पण तो ग्रीक होता, सिरियाक नव्हे, आणि त्याचे बहुतेक लिखाण तिच्यापर्यंत पोहोचलेही नव्हते.

ही मंडळी चीनपर्यंत गेली होती म्हणतात?

गेली होती. ६३५ मध्ये अलोपेन नावाचा मठवासी तांग राजधानी चांगआनला पोहोचला आणि तीन वर्षांत सम्राटाने या धर्माला परवानगी दिली. ७८१ मध्ये कोरलेला शिलालेख आज शीआनच्या संग्रहालयात आहे, चिनी मजकूर आणि कडेला सिरियाक नावे. त्यात 'हनानीशो हा कॅथलिकोस (मंडळीचा प्रमुख) असताना' असे लिहिले आहे. हनानीशो तेव्हा वारला होता. बगदादहून ती बातमी अजून चीनमध्ये पोहोचायची होती.

महाराष्ट्राशी याचा काही संबंध?

आहे, आणि बऱ्याच जणांना तो ठाऊक नसतो. सहाव्या शतकाच्या मध्यावर कॉस्मस या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे, की कल्लियाना येथे इराणहून नेमलेला बिशप आहे. बहुतेक अभ्यासक हे आपले कल्याण मानतात; काहींच्या मते उडुपीजवळचे कल्याणपूर. तांबे आणि कापड यांची ही बाजारपेठ असल्याचे तोच सांगतो, ते कल्याणला चपखल बसते.

दुसरी नोंद ठाण्याची. १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन (कॅथलिकांचा एक संघ) मठवासी ठाण्यात उतरले ते एका स्थानिक ख्रिस्ती घरात. थोड्याच काळाने आलेला इटालियन प्रवासी ओदोरिक लिहितो, की तिथे नेस्तोरियनांची पंधरा घरे होती, आणि लगेच जोडतो, 'ते फुटीर आणि पाखंडी आहेत'. पाखंडी म्हणे, पण आसरा त्यांनीच दिला. त्या घरात नवरा-बायकोचे भांडण झाले, नवऱ्याने बायकोला मारले, ती काझीकडे गेली आणि या मठवाशांनी पाहिले आहे असे सांगून बसली. साक्षीचे निमित्त होऊन काझीपुढे धर्माचा वाद रंगला आणि चौघांचा जीव गेला. ओदोरिक त्यांची हाडे बरोबर घेऊन चीनला गेला.

वसईच्या ख्रिस्ती समाजाशी मात्र याचा धागा जोडू नका. तो समाज पोर्तुगीज काळातला.

आणि गोव्याशी?

केरळचे मार थोमा ख्रिस्ती, म्हणजे येशूचा शिष्य थोमा याचा वारसा सांगणारे, शतकानुशतके पूर्वेच्या मंडळीकडून बिशप आणत. गोव्याचा पोर्तुगीज आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस १५९९ मध्ये तिकडे गेला आणि २० ते २६ जून या काळात उदयमपेरूर इथे सभा भरवून त्याने 'नेस्तोरियन चुका' धुऊन काढायचे ठरवले. उपासनेतून नेस्तोरियस आणि थिओडोर यांची नावे गाळली, सिरियाक हस्तलिखिते सुधारायला किंवा जाळायला काढली. भारतीय ख्रिस्ती इतिहासाचे याइतके मोठे नुकसान क्वचितच झाले असेल. युरोपीयांच्या आधीची किती कागदपत्रे त्यात गेली याचा हिशेब आता लागणार नाही. १६५३ मध्ये मट्टांचेरीला लोकांनी क्रूसाला दोर बांधून, तो धरून शपथ घेतली, की या पाद्र्यांचे आम्ही ऐकणार नाही. आज केरळात एवढी वेगवेगळी सिरियन चर्चे का, याचे मूळ त्या फुटीत सापडते.

आज हे लोक आहेत का?

आहेत. असिरियन चर्च ऑफ द ईस्ट या नावाने, मुख्यत्वे इराक, सिरिया, इराण आणि परदेशात. पॅट्रिआर्कचे पीठ शिकागोहून २०१५ मध्ये एर्बिलला परत आले. भारतात त्रिशूरला या चर्चचा समाज आहे. तिथे त्याला कॅल्डियन सिरियन चर्च म्हणतात. ही मंडळी स्वतःला नेस्तोरियन म्हणवत नाही, म्हणून लिहिताना 'पूर्वेची मंडळी' किंवा 'असिरियन चर्च' लिहावे.

रोम त्यांना अजून पाखंडी मानते का?

नाही. ११ नोव्हेंबर १९९४ रोजी पोप दुसरे जॉन पॉल आणि पॅट्रिआर्क मार दिन्खा चौथे यांनी ख्रिस्ताविषयीच्या संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. मरीयेला एका परंपरेत 'देवाची माता' म्हणतात आणि दुसरीत 'आमचा देव आणि तारणारा ख्रिस्त याची माता'. दोन्ही रूपे योग्य आणि श्रद्धा एकच, असे त्यात मान्य केले आहे. २०२४ मध्ये तर पूर्वेच्या मंडळीतला सातव्या शतकातला संत, निनवेचा इसहाक, रोमच्या संतांच्या यादीत घेतला गेला. नेस्तोरियसवरचा ४३१ चा निकाल मात्र कोणी मागे घेतलेला नाही.